रात्री फोन कुणाला करायचा, ते आम्हाला लेखी द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, मा. पोलीस अधीक्षक आणि मा. जिल्हा शल्यचिकित्सक
जिल्हे रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग

विषय : मानसिक आजाराने बेभान झालेल्या व्यक्तीसाठी तालुकानिहाय रात्रीची व्यवस्था ठरवणे आणि ग्रामीण रुग्णालयांत मानसिक आजारांची औषधे अखंड उपलब्ध ठेवणे

महोदय,

स. न. वि. वि.

खाडीकाठच्या एका गावाची मी बरीच वर्षं पोलीस पाटील होते. आता निवृत्त आहे. गावाचं आणि तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्या घराबद्दल पुढे सांगणार आहे त्या घराला अजून त्याच वाडीत राहायचंय.

दर वर्षी मे महिन्यात तहसील कार्यालयात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, बांधकाम खात्याचे, वीज कंपनीचे, आरोग्य खात्याचे लोक एका सभागृहात बसतात. दरड कुठे येते, कुठल्या साकवावरून पाणी जातं, गावात पट्टीचे पोहणारे कोण, होडी कुणाकडे, जेसीबी कुणाचा, सगळं नावानिशी आणि मोबाइल नंबरानिशी लिहून घेतलं जातं. हे काम मी मनापासून केलंय आणि त्याचं चीज होतं हेही पाहिलंय. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा किनाऱ्यालगतची हजारो माणसं आधीच सुरक्षित जागी हलवलेली होती. पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पण पुष्कळ जीव वाचले. कुणी कुणाला फोन करायचा हे ठरलेलं होतं, म्हणून ते जमलं.

त्या बैठकीत मला एक प्रश्न कधी कुणी विचारला नाही. तुमच्या हद्दीत असं कुठलं घर आहे का, जिथे आजारी माणसाच्या गोळ्या थांबल्यात आणि आई रात्री खोलीला आतून कडी लावून झोपते? अशी घरं गावोगाव असतात. माझ्या हद्दीतली मला माहीत होती, आशाताईला माहीत होती, शेजाऱ्यांना तर होतीच. सरकारी कागदावर मात्र त्यांचा पत्ता नव्हता.

त्यातल्या एका घराचं सांगते.

मुलगा मुंबईला कामाला होता. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. तिथे त्याची झोप उडाली, मग कामावरचे लोक आपल्याविरुद्ध कट करतायत असं वाटायला लागलं, मग कानात आवाज यायला लागले. चुलत्याने गावी आणून सोडला. आधी भगताकडे नेला, अंगारे-धुपारे झाले. पुढे कुणी शहाण्या माणसाने सांगितलं म्हणून मनोविकारतज्ज्ञांकडे नेला. स्किझोफ्रेनिया असं निदान झालं. गोळ्या सुरू झाल्या आणि मुलगा सुधारला. अगदी पहिल्यासारखा झाला असं म्हणणार नाही, हालचाली जरा मंद असायच्या, बोलणं कमी. पण कलमांना आळी करायचा, आईला पाणी भरून द्यायचा, वाडीच्या क्रिकेट स्पर्धेत धावफलक लिहायला बसायचा. अक्षर सुरेख होतं त्याचं.

मग सरकारी रुग्णालयातल्या गोळ्या संपल्या. "माल आलेला नाही, पुढच्या महिन्यात या." बाहेरून घ्यायला पैसे नव्हते. वडील नाहीत, आई दुसऱ्याच्या बागेत मजुरीला. पहिले पंधरा दिवस काही जाणवलं नाही, उलट तो जरा तरतरीत वाटला. मग झोप गेली. आईला कळलं पुढे काय येणार ते. तिने घरातली कोयती कणगीत भाताखाली लपवली आणि आंब्यावर फवारायचं औषध माझ्या पडवीत आणून ठेवलं. मजुरी बुडवून ती रुग्णालयात गेली, सगळं सांगितलं. तिला उत्तर मिळालं, "पेशंटला घेऊन या." आपण आजारी आहोत हेच ज्याला पटत नाही, त्याला एकट्या बाईने एसटीत कसं बसवायचं? ती तशीच परत आली.

आषाढातली रात्र होती, लाइट गेलेली. गावाने विहिरीत विष घातलंय असं त्याच्या मनाने घेतलं होतं. कोयती त्याने शोधून काढली होती. तो पडवीत बसला होता, आई आणि आजारी चुलती माजघरात. मी पोचले तेव्हा अंगणात विजेऱ्या आणि दांडकी घेऊन निम्मी वाडी जमली होती. दोन-तीन पोरं मोबाइलवर शूटिंग करत होती. जेवढे आवाज वाढत होते तेवढा तो जास्त बिथरत होता.

मी पोलीस ठाण्याला फोन लावला. ड्युटीवर माणसं मोजकी, गाडी दुसऱ्या गावाला गेलेली. सांगितलं, "बाई, हे दवाखान्याचं काम आहे, ॲम्ब्युलन्स बोलवा." रुग्णवाहिकेसाठी फोन केला तर म्हणाले, पेशंट आक्रमक आहे, पोलीस बरोबर असल्याशिवाय आम्ही हात लावू शकत नाही. रुग्णालयात फोन केला तर तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, इथे मनोविकारतज्ज्ञ नाहीत, थेट जिल्ह्याला न्या. कुणीही उर्मटपणे बोललं नाही. प्रत्येकाची अडचण खरी होती. आणि तिघांच्या तीन खऱ्या अडचणींमध्ये तो मुलगा, त्याची आई आणि आमची वाडी पहाटेपर्यंत अडकून पडली.

शेवटी पोरांनीच जाळं टाकून त्याला पाडलं. त्या झटापटीत ज्याने त्याला लहानपणी खाडीत पोहायला शिकवलं होतं, त्या शेजाऱ्याच्या दंडावर कोयतीचा वार बसला. मुलाला होडी बांधायच्या नायलॉनच्या दोरीने बांधलं आणि आंब्याच्या पेट्या वाहणाऱ्या पिकअपच्या हौद्यात घालून जिल्ह्याला नेलं. आई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, वरून ताडपत्री. मनगटांवर दोरी इतकी रुतली होती की त्या जखमा चिघळल्या. त्याचं मन थाऱ्यावर आलं तरी मनगटं भरायची होती.

दुसऱ्या दिवशी बातमी आली, 'माथेफिरूचा कोयतीने हल्ला'. चार ओळींची. व्हिडिओ मुंबईच्या चाकरमान्यांच्या ग्रुपवरही फिरला. गोळ्या दोन महिने मिळाल्या नव्हत्या, ही गोष्ट ना बातमीत होती, ना व्हिडिओत, ना पोलिसांच्या नोंदीत. गावात जो तो म्हणत होता, असल्यांना बाहेर ठेवूच नये.

ज्या शेजाऱ्याला टाके पडले त्याला भीती वाटते, राग येतो, आणि तो त्याचा हक्क आहे. माणुसकीचे धडे देऊन ती भीती जाणार नाही. पुन्हा असं होऊ लागलं तर अर्ध्या तासात कुणीतरी जबाबदार माणूस दारात उभा राहील, अशी खात्री त्याला मिळाली तर जाईल. ती खात्री देणं तुमच्या हातात आहे. म्हणून हे पत्र.

त्या रात्रीनंतर मी मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मिळवून वाचला. २०१८ पासून तो लागू आहे. माझ्या तिन्ही फोनना मिळालेल्या उत्तरांबद्दल त्यात काय लिहिलंय ते तुमच्यासमोर ठेवते.

पोलिसांचं काम नाही, असं मला सांगितलं गेलं. कलम १०० म्हणतं की मानसिक आजारामुळे एखाद्यापासून त्याच्या स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर त्याला संरक्षणात घेणं हे ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. त्याला लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचं आणि कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचं नाही. रुग्णवाहिका येऊ शकत नाही, असं सांगितलं गेलं. कलम २१ म्हणतं की शरीराच्या आजाराला रुग्णवाहिका जशी मिळते तशीच, त्याच दर्जाची, मनाच्या आजारालाही मिळाली पाहिजे. इथे तज्ज्ञ नाहीत, असं सांगितलं गेलं. कलम ९४ प्रमाणे जिवाला धोका असेल तेव्हा तातडीचे उपचार कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर करू शकतो, रुग्णाचा नेमलेला प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीने, ७२ तासांपर्यंत. रुग्णालयातच असंही नाही, घरी येऊनसुद्धा. आणि कलम ३१ सांगतं की सरकारी दवाखान्यांतल्या सगळ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक आजारांच्या प्राथमिक आणि तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण द्यायचं.

आणि औषधं. कलम १८ मध्ये स्पष्ट आहे : अत्यावश्यक यादीतली मानसिक आजारांची औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सगळ्या सरकारी संस्थांत कायम आणि मोफत मिळाली पाहिजेत. आपल्याकडे सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणजे ग्रामीण रुग्णालय. तिथे रक्तदाबाची गोळी नसली तर लोक ओरडतात. ओलान्झापिन, रिस्पेरिडोन, लिथियम नसलं तर ओरडणारं कुणी नसतं, कारण ज्याला ती लागतात त्याचं ओरडणं आजाराच्या खात्यात जमा होतं आणि त्याच्या आईला ओरडायची लाज वाटते.

मी हे सगळं कुणाला कोर्टात खेचायला लिहीत नाही. माझ्या ओळखीच्या ठाणेदारांना, डॉक्टरांना या तरतुदी कुणी सांगितलेल्याच नव्हत्या. रात्री अकरा वाजता हवालदार कायद्याचं पुस्तक उघडत नाही. भिंतीवर चिकटवलेला कागद बघतो. तो कागद हवा आहे.

आता एक गोष्ट, जी गावात फार कमी लोकांना माहीत आहे आणि तिच्यापायी जीव जातात. अंगावर धावून येणारा, बरळणारा प्रत्येक माणूस मनोरुग्ण नसतो. आपल्याकडे रोज पिणारे पुष्कळ. त्यातला एखादा श्रावण लागला म्हणून किंवा माळ घातली म्हणून एकदम दारू सोडतो. दोन ते चार दिवसांत हात थरथरायला लागतात, घाम सुटतो, भिंतीवर किडे-साप दिसायला लागतात, माणूस उठून मारायला धावतो. लोक म्हणतात बाधा झाली. ती दारू तुटल्याची अवस्था असते, तीत झटके येऊन माणूस मरू शकतो आणि तिला वॉर्डात ठेवून वेळेवर उपचार लागतात. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा, ताप मेंदूपर्यंत गेला तरी माणूस असंबद्ध बोलतो. मधुमेह्याची साखर उतरली तर तो घरच्यांना ओळखत नाही, हात उगारतो. म्हाताऱ्या माणसाचं सोडियम कमी झालं तरी तेच. यातल्या कुणालाही बांधून कोपऱ्यात टाकलं, कोठडीत बसवलं किंवा भगतासमोर धुरात धरलं, तर सकाळी तो जिवंत मिळेलच असं नाही. म्हणून पहिली तपासणी डॉक्टरची, तीही जवळच्या रुग्णालयात, मग पुढे कुठे न्यायचं ते ठरवा.

हे मी आग्रहाने लिहितेय, कारण आपल्याकडे 'थेट जिल्ह्याला न्या' हे वाक्य फार सहज येतं. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ पासून आहे, राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक. बाकीची ठाणे, पुणे आणि नागपूरला. कित्येक घरं त्याने सावरलीत, आणि तिथल्या परिचारिकांबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. पण मंडणगडहून किंवा दोडामार्गहून तिथे पोचायला निम्मा दिवस जातो. दोडामार्ग-सावंतवाडीची माणसं म्हणूनच राज्य ओलांडून गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात जातात. भडकलेल्या माणसाला घाटवळणांनी बांधून नेण्याचे ते तास त्याच्या मनात कायमचे बसतात. पुढच्या वेळी डॉक्टरचं नाव काढलं की तो आधी त्या दोरीची आठवण काढतो आणि जायला नाही म्हणतो. त्यातूनच पुढचा प्रसंग तयार होतो.

आता तिन्ही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आलीत : अलिबागला, रत्नागिरीला, सिंधुदुर्गनगरीत. वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की मनोविकारशास्त्राचा विभाग आला. त्या विभागाच्या एका डॉक्टरने रात्री फोनवर तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला 'हे इंजेक्शन द्या, एवढं द्या, नाडी आणि श्वास बघत राहा' असं सांगितलं, तरी निम्मे पेशंट जिल्ह्याला न न्यावे लागता शांत होतील, असं मला दोन-तीन डॉक्टरांनी स्वतः सांगितलंय. लागणारी औषधं जुनी आणि स्वस्त आहेत. हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन या जोडीवर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये अभ्यास झाले आहेत, अशाच भडकलेल्या रुग्णांवर. म्हणजे परदेशातून काही आणायचं नाहीये.

ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी सेवा १४४१६ या नंबरवर आहे. चांगली आहे, मी कित्येकांना तो नंबर लिहून दिलाय. पण फोनवरचा समुपदेशक पडवीत येऊन उभा राहू शकत नाही. तिथे माणूसच लागतो.

तो माणूस कसा असावा? अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १९८७ साली पोलिसांच्या गोळीने एक मनोरुग्ण तरुण मेला. पुढच्याच वर्षी तिथल्या पोलिसांनी डॉक्टर आणि रुग्णांच्या नातेवाइकांना बरोबर घेऊन शिपायांना ४० तासांचं खास प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली आणि आता ती पद्धत तिकडच्या कितीतरी शहरांत चालते. त्यात शिकवतात त्यातलं बरंचसं आपल्या पोलीस पाटलांना आणि होमगार्डना एका दिवसात समजेल असं आहे. आधी गर्दी हटवा. विजेरी तोंडावर मारू नका. एकानेच बोला, हळू बोला, नावाने हाक मारा. त्याच्या मनात बसलंय ते खोटं आहे म्हणून वाद घालू नका आणि खरं आहे असंही म्हणू नका. त्याची निघायची वाट अडवू नका. त्याला ज्याचा विश्वास वाटतो असं एक माणूस शोधा. आमच्या त्या मुलाचा असा मित्र होता, त्याच्याबरोबर स्पर्धेत धावफलक सांभाळणारा. तो आला तेव्हा मुलाने कोयती खाली टेकवली होती. मागून कुणीतरी ओरडलं आणि ती पुन्हा वर गेली. मी तिथेच उभी होते.

कायद्याच्या कलम ३० मध्ये पोलिसांसह सरकारी अधिकाऱ्यांना या विषयाचं नियमित प्रशिक्षण द्यायचं लिहिलंय. मला माझ्या सगळ्या सेवेत ते मिळालं नाही. माझ्यानंतर जी मुलगी पोलीस पाटील झाली आहे तिला तरी मिळावं.

गावकऱ्यांशीही थोडं बोलायचंय, कारण हे पत्र तेही वाचतील. देवळात गाऱ्हाणं घाला, कौल लावा, कुणाची ना नाही. आईला त्याने धीर येत असेल तर यावा. पण गोळी थांबवून नको. आणि भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, बांधणं, चटके देणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. साखळीने बांधणं तर मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ९५ नेही बंद केलंय. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडी इथे दर्ग्याजवळच्या एका आसऱ्याला आग लागली. साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण त्या आगीत गेले, कारण त्यांना पळता येत नव्हतं. आपल्या गोठ्यात, पडवीत खांबाला कुणी बांधलेलं असेल तर ते आठवा.

मनोरुग्ण म्हणजे हिंसक, हाही समज डोक्यातून काढायला हवा. माझ्या हद्दीतले बहुतेक आजारी कुणाच्या वाटेला जात नव्हते. उलट त्यांनाच पोरं दगड मारायची, भाऊबंद त्यांच्या हिश्शाची जमीन सह्या घेऊन लाटायचे. बाळंतपणानंतर मन बिघडलेल्या सुना माहेरी पाठवल्या जायच्या आणि कुठल्याच बातमीत यायच्या नाहीत. हिंसा होते तेव्हा तिच्या मागे बहुतेकदा थांबलेली औषधं, दारू-गांजा किंवा उपचार कधी सुरूच न झालेला पहिला झटका असतो. यातलं काहीच अचानक येत नाही. आठवडे आधी घरच्यांना दिसत असतं.

बाहेरून आलेल्यांचाही विचार व्हावा. कोकण रेल्वेच्या स्टेशनांवर भाषा न कळणारी, फाटक्या कपड्यांतली भरकटलेली माणसं उतरतात. मोठ्या बंदरांवर एखादा परराज्यातला खलाशी मासेमारीच्या हंगामात भ्रमिष्ट होतो आणि धक्क्यावरच राहतो. लोक त्यांना हुसकून पुढच्या गावाला पाठवतात. अशा माणसाची हरवल्याची नोंद करून घरचे शोधणं हेही कलम १०० मध्ये ठाण्याचंच काम आहे. घरचे सापडतात, हे आपल्याच कोकणात कर्जतला डॉ. भरत वाटवानींच्या श्रद्धा फाउंडेशनने दाखवून दिलंय. रस्त्यावरच्या हजारो मनोरुग्णांना बरं करून त्यांनी देशभर घरोघर पोचवलं. २०१८ साली डॉक्टरांना त्यासाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता मागणी.

मान्सूनच्या यादीला एक पान जोडा. तालुक्याच्या प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि ग्रामीण रुग्णालयात अशा प्रसंगी रात्री कोण उत्तर देईल, त्याचं नाव आणि नंबर त्यावर असू द्या. ११२ किंवा १०८ ला फोन आला तर ठाण्याने काय करायचं, रुग्णवाहिकेने काय करायचं, दोघांनी कुठे भेटायचं आणि कुणाची वाट न बघता निघायचं, हे तिन्ही साहेबांच्या सहीने एकाच परिपत्रकात लिहा. तिघांनी तीन वेगळी परिपत्रकं काढू नका, त्यातूनच आमची ती रात्र घडली. ग्रामीण रुग्णालयात तातडीची इंजेक्शनं आणि ती द्यायला शिकलेला डॉक्टर रात्रपाळीत असू द्या.

'पेशंटला घेऊन या' हे उत्तर बंद करा. ज्या घरातून आई येऊन सांगते की झोप गेलीय, औषध घेत नाही, तिची नोंद घ्या आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकातल्या कुणाला तरी, नाहीतर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला, आशाताईबरोबर चार दिवसांच्या आत त्या घरी पाठवा. लहान मुलांच्या लसीसाठी आपली माणसं होडीतून पलीकडच्या वाडीला जातात. हेही जमेल.

गोळ्यांचा साठा दर आठवड्याला रुग्णालयाच्या दारावर लिहा. संपत आला तर रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून तालुक्यात खरेदी करायचे अधिकार आधीच देऊन ठेवा. ज्यांना रोजची गोळी जमत नाही त्यांच्यासाठी दोन ते चार आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शनं असतात, ती प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळू द्या. मनोरुग्णालयातून कुणी घरी सुटला की त्याच्या आणि घरच्यांच्या संमतीने गावच्या आरोग्य केंद्राला चिठ्ठी यावी. आज तो सुटतो, एसटीने येतो, आणि पिशवीतल्या गोळ्या संपेपर्यंत कुणाला काही कळत नाही.

मनुष्यबळ नाही, हे उत्तर येईल हे मला ठाऊक आहे. ते खरंही आहे. लोकसंख्येच्या मानाने पुरेसे मानसिक आरोग्य तज्ज्ञ उभे करण्यासाठी कायद्यानेच सरकारला दहा वर्षांची मुदत दिली होती आणि ती २०२८ मध्ये संपते. तज्ज्ञ येतील तेव्हा येतील. वर लिहिलेल्यातलं बरंचसं आहे त्याच माणसांत होण्यासारखं आहे. त्यांना कुणीतरी एकत्र बसवायला हवं, आणि ते फक्त तुम्ही तिघं करू शकता.

तो मुलगा आता घरी आहे. महिन्याचं इंजेक्शन घेतो. टाके पडलेला शेजारी त्याच्याशी बोलत नाही, पण त्याच्या आईला बाजारातून सामान आणून देतो. इंजेक्शन गेल्या खेपेला पुन्हा संपलं होतं, आईने उसने पैसे घेऊन बाहेरून आणलं.

या पत्राला उत्तर द्याल तेव्हा 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' असं लिहू नका. माझ्या तालुक्याचं ते पान नावांसकट जोडा. तालुका कुठला ते मी तुमच्या कार्यालयात येऊन सांगेन.

आपली,
एक माजी पोलीस पाटील